डब्यात नसलेलं गाव

मंडळी, एक विचारू? रागावणार नाही ना? — संशय वाईट की चांगला?

बघा, सगळे गप्प! बायकोनं आपले खिसे तपासले की वाईट, आणि आपण दूधवाल्याच्या किटलीत बोट घातलं की चांगला! हसताय काय तबलजी? तुमचंच सांगतोय. थोर माणसं म्हणतात, संशय धरू नका. मान्य! देवावर धरू नका, गरिबावर तर मुळीच धरू नका. पण मला एवढं सांगा — एक अनोळखी माणूस दारात आला, गोड हसला, आणि तुमच्या लेकराच्या मुठीत काहीतरी ठेवून गेला. मूठ उघडून बघाल की नाही? बघाल! आणि बघाल म्हणजे नेमकं काय बघाल? इथंच गोम आहे. त्यासाठी भालूशेठांची गोष्ट ऐका.

भालचंद्र तारळेकर. कराडच्या पेठेत खेळण्यांचं दुकान. माणूस सज्जन, पण संशयी — असा संशयी की विचारू नका! नोट आली की उजेडाला धरणार. नारळ घेतला की कानाशी हलवणार. दूध आलं की किटलीत बोट घालणार. देवळातला तीर्थाचा थेंबसुद्धा आधी वास घेऊन मग तोंडात! पेठेतली पोरं म्हणायची, भालूशेठ आरशात बघताना आधी आरशाच्या मागं बघतात. सून माहेरी चार दिवस जास्त राहिली तरी ह्यांचा डोळा बारीक व्हायचा. फक्त एका माणसावर त्यांचा संशय नव्हता. नात! शाल्मली, वय वर्षं सात. शाळा सुटली की दप्तरासकट दुकानात यायची, गल्ल्यावर चढून बसायची आणि म्हणायची, "आबा, आज काय फसवाफसवी पकडली?"

दिवाळीच्या आधी दुकानात खेळण्यांच्या कंपनीचा एक साहेब आला. नाव निनाद. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, आणि हसू — काय हसू! दात मोजून घ्यावेत असं. म्हणाला, "काका, मुलांसाठी काहीतरी गोड आणलंय." आणि काउंटरवर एक डबा उघडला. 'चिमणे सरदार'! आत बोटभर उंचीचे बाहुले. त्यातला मोठा तो गोलू सरदार — गोबरे गाल, टपोरे डोळे, लाल अंगरखा, कमरेला इवलीशी तलवार. पोटावर दाबलं की खुदकन हसायचा! बरोबर तोफ, घोडा, शर्टावर चिकटवायचे सोनेरी तारे. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत — 'गाव जिंका, तारा मिळवा!'

भालूशेठांनी डोळा बारीक केला.

आता बघा हं तपासणी! गोलू उचलला. वास घेतला. पाण्यात बुडवला, रंग गेला नाही. नखानं खरवडला. शेवटी — मंडळी, खोटं सांगत नाही — चक्क चावला! मान तुटली नाही, टोक बोचलं नाही, तोंड कडू झालं नाही. निनादसाहेब हसत उभा. म्हणाला, "काका, तुमच्यासारखे जागरूक दुकानदार आम्हाला हवेच आहेत." झालं! संशयी माणसाला जागरूक म्हटलं की तो निम्मा खिशात. तुम्ही माझ्या आवाजाची स्तुती करा, मी आणखी तासभर गातो की नाही बघा! नको? बरं, राहिलं.

निनादनं एक दुसरा डबाही ठेवला. काळा, जड, सीलबंद. वर नाव 'रक्तसीमा', आणि कोपऱ्यात बारीक छाप — अठरा वर्षांवरील.

"हे काय?"

"हा आमचा मूळ खेळ, काका. टेबलावर मांडून मोठी माणसं खेळतात. तासन् तास चालतो. गोलू सरदार ह्यातलाच. हा वर फळीवर ठेवा, दिसेल असा."

"पोरांना विकायचा नाही, तर दिसेल असा कशाला?"

प्रश्न बरोबर होता! संशयाचा बाण अगदी नेमावर! निनाद हळू आवाजात म्हणाला, "काका, मुलं मोठी होतात ना. आज गोलूची सवय लागली, की उद्या तीच मुलं हा डबा मागायला येतील."

ऐकलंत? मासा लहान असतानाच त्याला गळाची चव लावायची! भालूशेठांच्या मनात काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात शाल्मली आली, तिनं गोलूचं पोट दाबलं, तो खुदकन हसला, तीही हसली. आबाही हसले. आणि काळा डबा न उघडता फळीवर गेला. दूधवाल्याच्या किटलीत बोट घालणारा माणूस — ह्या डब्यात त्यानं बोट घातलं नाही.

आता दुकानाच्या पायरीशी बसायची हौसाबाई कुंभारीण. दरवर्षी दिवाळीला टोपलं घेऊन यायची. टोपल्यात किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं, म्हणजे बोटभर बाहुल्या. मंडळी, तुमच्या दारात पोरं किल्ला करतात ना? चिखल, गोणपाट, वर हळीव पेरायचे, बुरूज, सिंहासन, मावळे. आणि पायथ्याशी काय असतं? सांगा की! — गाव! विहीर, गवळण, बैलगाडी, तराजू घेतलेला वाणी, काठी टेकत चाललेली म्हातारी. कुणी शिकवलं हो पोरांना पायथ्याशी गाव मांडायला? कुणी नाही! पोरांना ठाऊक होतं. किल्ला असतो कशासाठी? गाव राखण्यासाठी. गावच नसेल तर वर उभे राहून काय, वारा खायचा?

त्या वर्षी टोपलं भरलेलंच राहिलं. पोरं पायरी चढायची ती थेट गोलूकडं. हौसाबाईची नात गोदी, शाल्मलीएवढीच, आजीशेजारी बसून काचेतून आत बघायची. हौसाबाई म्हणाली, "शेठ, औंदा गवळणीला कोण इचारंना बगा." भालूशेठ म्हणाले, "जमाना बदलला हौसाबाई." आणि पटकन तिच्या टोपल्याखाली वाकून बघितलं — आपली फरशी खरवडली तर नाही ना! तिथं संशय जागा, बरं का!

दुकानामागच्या बोळात शाल्मली आणि पेठेतल्या पोरांनी किल्ला केला. वर सगळे चिमणे सरदार. ऐटीत! पण डब्यावर तर लिहिलंय, गाव जिंका. डब्यात सरदार आहेत, तोफ आहे, घोडा आहे, तारे आहेत. गाव कुठाय? नाहीच! कंपनीनं दिलंच नाही. मग पोरांनी गाव कुठून आणायचं?

पोरं हुशार. हौसाबाईकडून उरलीसुरली चित्रं मागून आणली. तिनं बिचारीनं कौतुकानं ओंजळभर दिली. गवळण, वाणी, म्हातारी पायथ्याशी ओळीनं उभी केली, मध्ये लवंगी फटाका, वर उदबत्ती — फट्! गवळणीचं डोकं एकीकडं, घागर एकीकडं! "गाव जिंकलं!" की शर्टावर एक तारा. गोलूचं पोट दाबायचं, तो खुदकन हसायचा.

भालूशेठ मागच्या दारात येऊन हे बघत होते. आता म्हणाल, काहीतरी बोलले असतील. बोलले! म्हणाले, "अरे, हे फटाके कुणाच्या घरचे? माझ्या दुकानातले तर नाहीत?"

हसा, हसा! मीही हसलो असतो. पुढचं ऐकल्यावर मात्र हसू येणार नाही.

भाऊबीजेची दुपार. अर्धं शटर ओढून भालूशेठ जेवून जरा लवंडले होते. बोळात पोरं. चित्रं संपलेली — एक वाणी उरला होता, तोही बिनहाताचा. ताऱ्यांची रांग पुरी व्हायला शाल्मलीला एक तारा कमी पडत होता. तेवढ्यात गोदी आली. म्हणाली, "मला बी घ्या की खेळायला."

"तुझ्याकडं गोलू आहे?"

"न्हाई."

पोरं विचारात पडली. मग आपली शाल्मली — गुणाची पोर, कुणाला खेळातून वगळायची नाही — तीच म्हणाली, "मग तू गाव हो!"

आणि मंडळी, गोदीला केवढा आनंद! घेतलं ना खेळात! धावत जाऊन घागर म्हणून एक डबडं आणलं, किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसली. छान, ऐसपैस, गवळणीसारखी. पोरांनी तिच्याभोवती लवंगीची माळ मांडली. उदबत्ती शाल्मलीच्या हातात.

भालूशेठांना आधी टाळ्या ऐकू आल्या. मग तडतड. आणि मग किंकाळी!

धोतर सावरत धावले. गोदीच्या परकराचा काठ धुमसतोय, पावलावर टरारून फोड आलेत, पोर थरथरतेय. शेठांनी पिंपातलं पाणी ओतलं, तिला उचलून घेतलं. हौसाबाई पायरीवरून धावत आली, पोरीला त्यांच्या हातांतून ओढून घेतलं, आणि एवढंच म्हणाली, "शेठ, माज्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलं हुतं वो?" आणि तशीच दवाखान्याकडं निघाली. टोपलं पायरीवरच राहिलं.

भालूशेठ वळले. अंगाची लाही लाही! "कार्टे! काय केलंस हे?"

शाल्मली उभी होती. रडत नव्हती. घाबरलीही नव्हती. शर्टावर ताऱ्यांची रांग. गोंधळून म्हणाली, "आबा, ओरडता का? ती गाव होती ना!"

मंडळी... त्या म्हाताऱ्याची गत बघा. जन्मभर सगळ्या जगावर संशय घेतला. आज पहिल्यांदा तो संशय फिरून घरात आला, नातीच्या कोरड्या डोळ्यांवर येऊन थांबला. माझी शाल्मली — चिमणीचं पिल्लू पडलं तर जेवायची नाही — आणि हिला पाणी येत नाही डोळ्यांत? हिचं काय केलं कुणी? कधी केलं? माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत?

ते आत गेले. शिडी लावली. फळीवरचा काळा डबा काढला, सील टराटरा फाडलं.

आणि आत — आत गाव होतं हो!

अख्खं गाव! करड्या रंगाचं, बोटभर माणसांचं. कडेवर पोर घेतलेली बाई. गाठोडं उचललेला म्हातारा. दारात उभी मुलगी. एकही हसत नव्हतं. प्रत्येकाच्या पायाखाली नाव कोरलेलं. आणि झाकणाच्या आत ठळक अक्षरांत नियम — गाव जाळणाऱ्या खेळाडूनं जळलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचावं, त्याशिवाय डाव पुढं सरकणार नाही.

भालूशेठ शिडीच्या पायाशी बसले. मोठ्यांचा खेळ बनवणाऱ्याला ठाऊक होतं — गावात माणसं असतात! त्यानं ती घडवली, नावं दिली, खेळणाऱ्याचा घास घशात अडकावा अशी सोय केली. आणि विकणाऱ्यानं काय केलं? तेवढंच काढून घेतलं! माणसं वर फळीवर, हसू खाली पोरांच्या हातात. भालूशेठांनी गोलू चावून पाहिला होता. डब्यात काय आहे ते सगळं तपासलं होतं. काय नाही, ते बघायचं राहिलं होतं.

त्यांनी शाल्मलीला जवळ बोलावलं. ओरडले नाहीत. बाहुल्या ओंजळीत धरल्या. "वाच."

"काय?"

"पायाखाली नावं आहेत. मोठ्यानं वाच."

पोर अक्षर अक्षर लावत वाचू लागली. "जि... जिऊ. आबा, हिच्या कडेवर बाळ आहे."

"हो. बाळाचं वाच."

"सोनू." पुढची उचलली. "तात्या... हा म्हातारा आहे. हा पळू शकला नसेल ना?"

"नसेल."

मग ती दारात उभी मुलगी हातात आली. शाल्मलीनं ती उलटी केली, सुलटी केली. नाव वाचलंच नाही. तिच्या इवल्याशा पायांकडं बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आबा, गोदीचा पाय दुखत असेल का?"

"तुला काय वाटतं?"

आणि मंडळी, फुटला तो बांध! हमसून हमसून रडली पोर. शर्टावरचे तारे ओरबाडून काढले, आणि तशीच अनवाणी दवाखान्याकडं पळत सुटली. भालूशेठ हौसाबाईचं टोपलं डोक्यावर घेऊन मागोमाग. पेठ बघत होती, आणि नोट उजेडाला धरणारा माणूस भर पेठेतून रडत चालला होता. त्याला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. नात रडत होती ना!

म्हणा मंडळी, रामकृष्ण हरी! जरा जोरात. डोळे नंतर पुसा.

दिवाळी संपली आणि निनादसाहेब परत आला. आता गोलूचे शाळेचे डबे, गोलूची पाण्याची बाटली, गोलूचे फ्रॉक! भालूशेठांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शाल्मलीला समोर बसवलं. म्हणाले, "साहेब, हिला गोलू सरदाराची गोष्ट सांगा. पुरी. तो गावात शिरला, मग काय झालं?"

निनादचं हसू जरा उतरलं. "काका, ते लहान मुलांना कसं सांगणार? घाबरतील ना मुलं."

"सांगता येत नाही, मग विकता कसं?"

निनादनं टॅब बंद केला. "काका, आम्ही फक्त हसू विकतो." आणि उठला.

आता तुम्हाला वाटेल, तो सुधारला. कंपनीनं माफी मागितली. छे हो! तो पायरी उतरला आणि शेजारच्या दुकानात शिरला. दुसऱ्या दिवशी तिथं काचेत गोलू हसत होता. भालूशेठांचे डोळे उघडले, पेठ तिच्या चालीनं चालली. गोदीचा पाय बरा झाला, डाग राहिला. ती शाल्मलीशी बोलते. खेळायला मात्र अजून येत नाही.

तर मी सुरुवातीला विचारलं होतं, संशय चांगला की वाईट. उत्तर मी कशाला देऊ? तुम्ही सगळे जागरूक! खेळणं घेताना वास घेता, टोक बघता, रंग बघता. जाळणारा कोण, जळणारा कोण, ते कोण बघतं? तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्या घरी नाही असलं काही.

नाही? बरं.

ए बाळ, ये इकडं. हो, तूच — पुढच्या रांगेतली, दोन वेण्यांची. किती छान फ्रॉक गं! नवीन? पोटावर चित्र कुणाचं आहे? ... लाल अंगरखा, गोबरे गाल. किती गोड हसतोय! कोण गं हा? ... नाही माहीत? असू दे. आईला विचार. माउली, तुम्ही सांगा.

... तुम्हालाही नाही माहीत.

तबलजी, थांबा जरा. गजर नंतर करू. ही माउली मुलीला जवळ ओढून फ्रॉकवरचं चित्र बघतेय. तिला नीट बघू द्या.