बाइंडिंग मध्यावरच हवं

इन्सब्रुकच्या स्की-दुकानात झिग्रुन आपली स्की छातीशी धरून रांगेत उभी होती. पुढचा पन्नाशीचा गृहस्थ मेकॅनिक बाईशी हुज्जत घालत होता.

"बूट अडकवायचं बाइंडिंग स्कीच्या अगदी मध्यावर बसवा."

"काका, तसं उलटं घसरणारी पोरं बसवतात. तुम्ही उलटे घसरता?"

"शिकेन की!"

"खोल बर्फात स्कीचं नाक बुडेल, मागोमाग तुमचं. बरं, लांबी तरी कमी घ्या. ही डोक्याच्या वर चाललीय."

"आखूड स्की घेऊन डोंगरावर जायच्या लिफ्टच्या रांगेत उभा राहू? गावात तोंड दाखवायचंय मला!"

"एकदा स्कीत स्क्रूची भोकं पाडली की पाडली हं."

"पाडा हो!"

ड्रिल घरघरलं. झिग्रुन तोंड दाबून हसली.

"ताई, तुमचं काय?"

तिनं आपली स्की हळूच पुढे सरकवली.

"ही मध्यावरची भोकं बुजवता येतात का हो?"