फाटकापाशी उतरायचं नाही

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं, पण मला गाव विचाराल तर मी जयपूरच सांगणार, कारण मला आठवतं ते पहिलं घर म्हणजे इथल्या छावणीतलं क्वार्टर आणि पहिला वास म्हणजे घोड्याच्या लिदीचा, हसू नका, खरं सांगते. अण्णा, मतलब माझे वडील, फौजेत घोडदळात होते, रिसालदार होऊन रिटायर झाले. घरात माणदेशी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, तर माझ्या बोलण्याची ही अशी खिचडी झालीय, तुम्ही लिहिताना निवडत बसू नका, आहे तशी वाढा. नाव सुवर्णा. चाळिशी उलटलीय, आणि अजून घोड्यावर बसून उड्या मारते. लोक म्हणतात आता बस कर. लोकांचं काय जातंय म्हणायला.

मी शाळेत जायच्या आधी घोड्यावर बसले. म्हातारी झालेली घोडी असायची लाइनीत, म्हणजे फौजेच्या तबेल्यात, तिच्यावर अण्णांनी मला बसवलं, खोगीर नाही काही नाही, नुसती पाठ, आणि म्हणाले गुडघ्यानं धर, हातानं नाही. आई क्वार्टरच्या दारातनं ओरडायला लागली, अहो पोरीची जात आहे, हातपाय मोडले तर कोण करून घेणार तिला. अण्णा म्हणाले मोडले तर जोडू. आणि मोडले हो, खोटं कशाला बोलू, गळ्याखालचं हाड मोडलं, मनगट मोडलं, आणि करून घेणाराही मिळाला, बँकेतला, दुर्गापुऱ्यात घर केलं आम्ही. माणूस गुणी आहे. घोड्याला बिचकतो, आणि मला त्याहून जास्त.

आता माझं काम काय ते नीट ऐका, कारण बाहेरच्याला वाटतं घोड्यावर बसणारा तो स्वार. तसं नसतं ताई. दांड्या लावून अडथळे केलेले असतात, नंबरानं त्यावरनं उड्या घ्यायच्या, दांडी पाडायची नाही, घोडा अडला नाही पाहिजे, वेळ संपली नाही पाहिजे, हा झाला खेळ. पण घोडा उडी मारायला शिकून येत नाही, त्याला बनवावं लागतं, वर्षं जातात त्यात, आणि बनवणारी मी. मालक लोकांचे घोडे बनवायचे. आणि स्पर्धेच्या दिवशी काय, तर मी पहाटेपासनं घोडा फिरवायचा, बाजूच्या मैदानात दोन-चार उड्या घेऊन त्याला गरम करायचा, त्याचा रुसवा काढायचा, आणि नाव पुकारलं की मैदानाच्या फाटकापाशी उतरायचं. मी उतरले की मालकाचा पोरगा नाहीतर पोरगी चढणार, कडक इस्त्रीचा कोट घालून, आणि आत जाणार. सगळीकडं हीच रीत. मी फाटकाला टेकून उभी, हातात घोड्याचं फडकं, आणि आतनं टाळ्या ऐकायच्या. कित्येक वर्षं हेच केलं मी. तेव्हा वाटायचं, चालतंच असं, आपल्याला घोडा तर मिळतो बसायला.

मग सखू आली.

कागदावर तिचं नाव मोठं इंग्रजी आहे, दोन दमात म्हणावं लागतं, मी सखूच म्हणते. रेसच्या मैदानातनं काढून टाकलेली घोडी, अंगानं सडपातळ, तपकिरी, आणि भित्री अशी की जमिनीवर पडलेली दांडी बघितली तरी मागं सरायची. आमच्या मालकांनी, त्यांना इथं सगळे हुकम म्हणतात, मीही हुकमच म्हणते, त्यांनी घेतली आणि महिन्याभरात म्हणाले ही काही कामाची नाही, बारातीत नवरदेव बसवणाऱ्याला देऊन टाकतो. अहो जयपुरात लग्नसराई म्हणजे बँडबाजा, फटाके, त्यात ही घोडी! मी म्हणलं हुकम, मला द्या, मी बघते. जमिनीवर दांडी ठेवायची आणि तिला बाजूला चरू द्यायचं, बास. मग ती वास घेणार, मग पाय टाकणार, मग मी पाठीवर बसून तिला वरनं चालवणार. ऊन असो, इथली ती लू, भाजून काढणारा वारा, असो, मी रोज तिच्यापाशी. आणि एकदा का तिला कळलं ना की दांडी चावत नाही, तर काय सांगू तुम्हाला, मी सांगायच्या आधी ती उडायला लागली. इतका जीव मी दुसऱ्या कुठल्या जनावरावर लावला नाही. माणसावरही नाही म्हणा, नवरा ऐकत नाहीये ना.

झालं, घोडी बनली, तसे हुकमचे चिरंजीव चढले. कुंवरसाब. पोरगं वाईट नाही, पण हात जड, उडीच्या वेळेला लगाम खेचणार. सखूनं एकदा सहन केलं, दुसऱ्यांदा अडली, तिसऱ्यांदा त्याला अडथळ्यात बसवून आली. हिवाळ्यातली मोठी स्पर्धा तोंडावर आलेली. हुकम म्हणाले सुवर्णाजी, इसे ठीक करो. मी म्हणलं घोडी ठीक आहे. मी गरम करून देणार नाही आता, फाटकापाशी उतरणार नाही. लावायचं तर माझं नाव लावा, नाहीतर दुसरं माणूस बघा. ते म्हणाले, ठीक है. आणि खरंच स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानातल्या फळ्यावर सखूच्या नावापुढं माझं नाव लागलं. अण्णांना मी हट्टानं घेऊन गेले बघायला, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

स्पर्धेच्या दिवशी मी सखूला गरम करत होते, अशी लयीत आली होती म्हणता घोडी, आणि माझं नाव पुकारायच्या जरा आधी हुकम आले, मागं दिल्लीचे पाहुणे, कुंवरसाब कोट घालून तयार. म्हणाले आज घोडी खुश दिसतेय, तुम उतर जाओ, मी कमिटीशी बोलतो. मी म्हणलं नाही हुकम. ते म्हणाले उतरो. मी म्हणलं फळ्यावर नाव माझं आहे. तर त्यांनी सखूचा लगाम धरला. भर लोकांत. तेवढ्यात भोंग्यावर नाव पुकारलं, माझं. अण्णा दोराच्या पलीकडं उभे होते. जन्मभर साब म्हणलेला माणूस, मला वाटलं आता म्हणणार उतर बाई, वाद नको. ते दोराखालनं वाकून आले, हुकमच्या समोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, हुकम, बच्ची का नाम पुकारा है, लगाम छोडिए. आणि मला म्हणाले, माझ्याकडं काय बघतीस, जा!

हुकमनी लगाम सोडला, आणि गेले मी. आत गेले, पंचांना सलाम केला, आणि ताई, डोक्यात नुसता जाळ झालेला. आमच्याकडं सलाम झाला की घंटा व्हायची वाट बघायची असते, घंटा झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. आणि मी थांबलेच नाही. टाच दिली आणि पहिली उडी मारून मोकळी झाले. मग घंटा वाजली ती मला बाहेर काढायची. बाद! एका उडीत सगळा खेळ खलास. बाहेर दिल्लीचे पाहुणे हसत होते, मला ऐकू येत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आमच्या खेळात एक मुभा असते. बाद झालेल्या स्वाराला जाता जाता एक अडथळा घेता येतो, एकच. लोक सोपा घेतात, घोड्याचं मन मोडू नये म्हणून. मी मैदानाच्या मधोमध थांबले, श्वास घेतला, आणि सगळ्यात उंच होता ना, निळा-पांढरा, रुंदीलाही मोठा, ज्यावर सकाळपासनं चांगल्या चांगल्यांनी दांड्या पाडल्या होत्या, त्याच्याकडं सखूचं तोंड केलं. ती गेली! दांडीला स्पर्श नाही, अहो केसाचाही नाही. मी बाहेर आले ती रडत, रागानंच, उगाच आनंदाश्रू वगैरे लिहू नका. घरी जाताना अण्णा म्हणाले, फळ्यावर नाव राहिलं का? म्हणलं राहिलं, पुढं बाद लिहिलंय. ते म्हणाले मग राहिलं ना.

हुकमनी तबेल्यात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं. टिळक नगरातल्या साहेब लोकांच्या मुलांना मी दुसरीकडं आळशी घोड्यांवर बसवायला लागले, पोट भरतं त्यात. पण सखूवाचून सुनं सुनं झालं हो. तबेल्याच्या भिंतीपाशी स्कूटर हळू करायची, आतनं तिचं खिंकाळणं येतंय का ऐकायची. दिल्लीहून स्वार आणला त्यांनी, त्यालाही तिनं पाडला. मग निरोप आला, माफी माग, घोडी मिळेल. नवरा म्हणाला दोन शब्द तर आहेत, म्हणून टाक. मी म्हणलं दोन शब्दच आहेत ना, मग त्यांनी म्हणावेत.

ते काही म्हणाले नाहीत. पण गेल्या आठवड्यात स्वतः फोन केला. माफीचा विषय नाही, म्हणाले नाव तुझं घालतो, फक्त जिंकलीस तर कप घ्यायला कुंवर जाईल. मी म्हणलं कप घ्या, फोटो घ्या, दिवाणखान्यात लावा, मला काही देणं-घेणं नाही, पण मैदानात जाताना आणि येताना घोडीवर मी असणार. ते म्हणाले, कल सुबह आ जाओ. मी गेले तर सखूनं आधी माझ्या खांद्याला चावा घेतला, इतके दिवस कुठं होतीस म्हणून, हे बघा, अजून निळं आहे.

येत्या रविवारी स्पर्धा आहे. तुमची लेक घोड्यावर बसायला शिकते म्हणालात ना, तिला घेऊन या, देव तिचं भलं करो, पडली तर उचलू नका, तिची ती उठू दे. मी जिंकेन का? कोण जाणे. दांडी पडेल, घोडी अडेल, मीसुद्धा पडेन, हाडं काय, जोडता येतात. या वेळी घंटेची वाट बघणार तेवढी मी. बाकी कुणाची नाही.