बांधापलीकडचा हंस

माझं माहेर खाडीकाठचं, मिठागरांच्या बाजूला, उरणच्या अंगाला. बाप मिठागरात कामाला, अन् थंडी पडली की बदकं मारायचा. ती बदकं लांबून यायची, थंडीपुरती, खाडीवर नुसती काळी चादर अंथरल्यागत बसलेली दिसायची. बापाकडं आजोबांची ठासणीची बंदूक होती. बार झाला की आमी पोरी चिखलात उतरायच्या, फळी घेऊन, तिच्यावर पोट टेकायचं अन् पायानं रेटत जायचं, नाय तर कमरेएवढं रुतायला होतं. आई पेंढ्याच्या जाळावर बदकं भाजून पिसांची खुंटं काढायची, मंग मसाला, लसूण, चिंच, तांदळाची भाकरी. पुढं बंदी आली, बंदूक जमा झाली, बापानं परत कधी तिचं नाव काढलं नाय.

लग्न झालं ते ड्रेजरवरच्या माणसाशी, गाळ काढायचं जहाज असतं ना, त्याच्यावर. कंपनी हॉलंडची. ह्यांचं काम बघून त्यांनीच इकडं आणलं, आधी हार्लेमला भाड्यानं राहिलो, मंग वर उत्तरेला समुद्राच्या बांधाच्या आत एक गाव हाय तिथं घर घेतलं. बांधाच्या आत हिरवीगार कुरणं अन् बांध चढून गेलात की ओहोटीला मैलभर चिखल. पहिल्यांदा बांधावर उभी राहिले अन् तो वास आला, काय सांगू तुमाला, मला रडूच आलं. मुलगी इथंच वाढली, आता खाली दक्षिणेला बेस्ट नावाच्या गावात असते, ती अन् जावई दोघं कॉम्प्युटरच्या चिपच्या मशिनींच्या कामात. मंग हे गेले, जेवता जेवता मान टाकली. मुलगी म्हणाली आई चल आमच्याकडं, मी म्हटलं राहू दे थोडे दिवस. ते थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली.

शेजारी पीटर. सत्तरीच्या पुढचा, बायको वारलेली, दोन मुलगे शहरात. मला बुरव्राऊ म्हणायचा, म्हणजे शेजारीणबाई, नाव माझं इंदुमती, ते त्याला कधी जमलं नाय. तो शिकारी होता. इथं हंस येतात थंडीत, खान्स म्हणतात, आपल्या चित्रातला पांढरा नाय, राखाडी, आडदांड, अन् हजारांनी येतात. शेतकऱ्यांचं गवत साफ करतात म्हणून परवाना घेऊन मारतात. अन् मारून काय करतात, तर बरेचसे टाकून देतात. एकदा त्याच्या दारात सात-आठ पडलेले बघितले, मी विचारलं हे कोण खाणार, तो म्हणाला कोणी नाय, सोलायला कोणाला वेळ हाय. मी म्हटलं दे इकडं.

मंग ते सुरूच झालं. हंस गवत खातो, त्याला वास नसतो, पण समुद्रातलं बदक असलं तर कातडं काढूनच टाकायचं, सगळा वास चरबीत असतो. छर्रे बोटानं चाचपून काढायचे, तरी एखादा दाताखाली येतोच. म्हातारा हंस असला तर तंगड्या दुपारभर मंद आचेवर, चिंचेच्या कोळात, माहेरून येणारा मसाला घालून. पीटर आधी घामाघूम व्हायचा, पाणी पीत पीत खायचा, पण ताट पुसून खायचा. माझ्या स्वयंपाकघरात बसायचा, कधी बोलायचा, कधी नुसता बसायचा. घरात माणूस बसलेला असला की बरं वाटतं, एवढंच.

मुलीला ते आवडलं नाय. म्हणाली आई, हंस सरस्वतीचं वाहन, तू ते शिजवतेस. मी म्हटलं बाई, हा सरस्वतीला उचलायचा नाय. ती हसली नाय. मंग खरं काय ते बोलली, म्हणाली आई, तो माणूस रोज येतो का गं. मी म्हटलं येतो. इकडं आपली मराठी मंडळी थोडी, गणपतीला सगळे एकत्र येतात, कोणीतरी तिला विचारलं असणार. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. नातू तर मराठी ऐकून डच बोलतो, त्याच्याशी काय बोलणार.

तो दिवस थंडीतला, दुपारची वेळ. मी हंस आणायला पाणी उपसायच्या पंपाच्या घराजवळच्या कुरणाकडं गेले होते, पीटरनं पोरांची बर्फावर घसरायची प्लास्टिकची गाडी ठेवलेली, तिच्यावर घालून ओढत आणायचे. त्यानं बार टाकला, एक हंस खाली नाय पडला, तसाच पंख झोडपत बांधावरून पलीकडं गेला. पीटरचं एक होतं, जखमी सोडायचा नाय. त्याचा शिकारी कुत्रा म्हातारा झालेला, मागचे पाय गेलेले, म्हणून पीटर स्वतःच बांध चढला. मी म्हटलं जाऊ दे रे, तो म्हणाला तडफडत मरेल. मी गाडी घेऊन मागनं बांधावर पोचले तर हा चिखलात मांडीपर्यंत रुतलेला, अन् भरती लागलेली. मी ओरडले, हलू नको. जितकं हलतो तितका खाली जातो माणूस.

एकशे बाराला, इथल्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. इतकी वर्षं डच बोलते, पण त्या वेळी एक शब्द आठवेना, फोनवरच्या बाईशी मी मराठीतच बोलत होते. मंग कसंबसं सांगितलं, पंपाच्या घराजवळ, माणूस, पाणी. अन् फोन तिथंच टाकून ती गाडी घेऊन उतरले. पोट टेकलं अन् पायानं रेटत गेले. पंचावन्न वय माझं, पण पाय विसरले नव्हते. त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा पाणी त्याच्या छातीला आलेलं. गाडी त्याच्या काखेखाली सारली, कॉलर धरली, अन् त्याच्याशी बोलत राहिले. काय बोलले विचारू नका, ह्यांच्याबद्दल बोलले, बापाबद्दल बोलले. त्याचे ओठ निळे पडले होते. मला वाटलं आता हा पण माझ्या डोळ्यांसमोर जाणार. तेवढ्यात बचावाची होडी आली, गावातलीच माणसं होती.

तो वाचला. पण छातीत कफ झाला अन् मंग अर्धांग, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात त्याचा थोरला मुलगा भेटला, यान. फुलं घेऊन आला, आभार मानले, अन् मंग सरळ विचारलं, इकडची माणसं सरळच विचारतात, की तो तुझ्यासाठी गेला होता का, तुला हंस पायजे होता म्हणून. तो काय वाईट नव्हता, बाप होता त्याचा. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. भाजी चिरताना, भांडी घासताना, तेच. घर विकलं त्यांनी, कुत्रा यान घेऊन गेला, पीटरला शहरात वृद्धांच्या घरात ठेवलं. मी कितीतरी दिवस तिकडं गेलेच नाय. आपल्याला बघून त्या मुलाला काय वाटेल.

मुलीला मी काय सांगितलंच नव्हतं, तिला कळलं तेव्हा ती मोटार घेऊन धावत आली. माझ्या हातांवरचे खरवडल्याचे वण बघितले, अन् रडली. म्हणाली आई, तू मेली असतीस. मंग दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, चल, मी नेते तुला त्याच्याकडं. मी डबा केला, हंस नाय, साधा मऊ भात अन् वरण, त्याला गिळायला त्रास होतो म्हणून. यान तिथं बसलेला. पीटरनं माझ्याकडं बघितलं, मंग मुलाकडं, मुलानं त्याला पण तेच विचारलेलं असणार, अन् तोंडातल्या तोंडात, एकेक शब्द जुळवत म्हणाला, हिच्यासाठी नाय गेलो, त्या हंसासाठी गेलो. यान उठला अन् त्यानं मला खुर्ची दिली.

माझ्या डोक्यावरनं डोंगर उतरला. अन् खोटं कशाला बोलू, जराशी दुखावले पण. का ते मला विचारू नका, मलाच नीट कळत नाय.

आता वसंतात मी बेस्टला जाणार, मुलीनं खोली लावून ठेवली हाय. तिकडनं पीटरचं शहर लांब, दोन गाड्या बदलून जायला लागेल, जमेल तोवर जाईन. त्याला भरवताना तो डोळे मिटून घेतो, मी तोंड पुसते, नर्स हसून बघते. मुलगी आता काय विचारत नाय. तुमी एवढं ऐकून घेतलंत, देव तुमाला सोबत देवो, म्हातारपणी शेजारी बसायला माणूस देवो.