विहीर बुजवायला आलेली ट्रॉली

आमची आत्या तुम्हाला लई शांत वाटती व्हय? मग हे ऐका.

उचगावच्या घरामागं आमची विहीर हाय. गेल्या उन्हाळ्यात पाणी गुडघाभर उरलं आणि नुसतं गढूळ यायला लागलं. हंडा भरून ठेवला की तळाला बोटभर गाळ बसायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता नळ आलाय. विहीर बुजवून टाकू."

आत्या म्हणाली, "गाळ काढा की. झरा अजून जित्ता हाय."

तिचं कुणी ऐकलं न्हाय. दुसऱ्या दिवशी मुरमाची ट्रॉली दारात आली. आप्पा ड्रायव्हरला घेऊन मागं गेले आणि विहिरीत वाकून बघतात तर काय, साठीची आत्या पदर खोचून तळाला उभी, पाटीत चिखल भरतीय!

आप्पा ओरडले, "आक्का, वर ये! मुरूम आलाय."

"मग टाक की. मी हितनं हलत न्हाय."

ड्रायव्हरनं गुपचूप ट्रॉली मागं घेतली. आप्पा नरमले. "बरं बाई, न्हाय बुजवत. ये आता वर."

"मी कशाला वर येऊ? तूच खाली ये. येताना खोरं आण."

आप्पा खोरं घेऊन पायऱ्या उतरले. तुम्ही पिताय तो चहा त्याच विहिरीच्या पाण्याचा हाय.