आश्रुबांच्या विहिरीचा पाचवा बार

सगळ्यांच्या आधी कोण आलं म्हणाल, तर आमची विहीण वत्सलाबाई. सतरंजी पडायच्या आत येऊन पंख्याखाली बसली अन् मलाच म्हणती, "या, बसा!" जसा काय सत्कार तिचाच हाय. तिच्या मागून घाटनांदूरचे यारीवाले आले, अन् मग बाकी गाव. पण थांबा, नातवानं पढवलेलं राहूनच गेलं. अध्यक्षस्थानी बसलेले सरपंच विजयसिंहराव, पंचायतीची थोर मंडळी, विहिरीचा गाळ-दगड वर ओढणारे यारीवाले रामेश्वरभाऊ, माझ्या लेकी-सुना अन् समोर बसलेलं सारं गाव, सगळ्यांना हात जोडून रामराम.

आज लई आनंद झालाय. ह्यांना जाऊन वरीस झालं, अन् गावानं विहिरीला ह्यांचं नाव दिलं. बॅनरवर एवढं ठळक छापलंय, म्हंजी मला घ्यायची गरज न्हाई. वाचा तुमीच.

ह्यांनी जन्मभर काय केलं? दुसऱ्याच्या विहिरीत सुरुंगाचे बार भरले. खडकाला भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची अन् दोर धरून वर यायचं. त्यात उजवा कान गेला. नातवंडं त्याच कानात गुपितं सांगायची. हे समदं ऐकल्यावाणी हसायचे. धाकटी नात संस्कृती तर अजून म्हणती, "माझं गुपित आजोबानं कुणालाच सांगितलं न्हाई."

कान गेला म्हणून ह्यांची एक रीत होती. वात पेटवली की चपला काढून बांधावर उभं राहायचं अन् बार पायानं मोजायचे. म्हणायचे, "जमीन खोटं बोलत न्हाई."

ही विहीर खांदली त्या दिवशी पाच बार भरलते. नेमकी तवाच पलीकडच्या रस्त्यानं वरात चाललती, दारूकाम उडत होतं. धाड धाड झालं अन् काठावरची माणसं ओरडली, "झाले पाच! उतरा!"

हे जाग्यावरून हलले न्हाईत. म्हणाले, "पायाला चारच आले. पाचवा वरातीचा व्हता."

"म्हाताऱ्या, कान गेला, आता पायबी गेले का बे?" सगळे हसले. तुमच्यातले दोघं-तिघं आजबी हितं बसलेत, नाव घेत न्हाई.

हसू संपायच्या आत खडकातून पाणी सुटलं. गुलाल उधळला. हे म्हणत राहिले, "पाणी उपसा, पूर्वेचा कोपरा बघू द्या." पण नवं लागलेलं पाणी कुणी उपसतं का? अपशकुन! गावानं नारळ फोडला. कोपरा पाण्याखाली गेला तो गेलाच.

मग ह्यांनी तिकडच्या पायऱ्यांवर बाभळीचे काटे रचले. एकाबी लेकराला तिथं पोहू दिलं न्हाई. लोक म्हणायचे, म्हातारा पाण्यावर नागावाणी बसलाय. मी एकदा म्हणलं, "अवो, पाण्यात दारू मरून गेली असंल." तर म्हणले, "खडकाच्या सांदीतली मरत न्हाई. निजती."

यंदा विहिरीनं तळ दाखवला, म्हणून गावानं ती आणखी खोल खांदायचं ठरवलं. आज सकाळी रामेश्वरभाऊंची माणसं बघायला गेलती. काटे काढून बाजूला फेकले. वर येऊन चहा पिताना म्हणाली, "पूर्वेचा कोपरा चांगला कोरडा हाय, तिथूनच सुरू करू." अन् आत्ता सरपंचांनी हितं सांगितलं, पूर्व दिशा शुभ, म्हणून पहिली कुदळ तिथंच, अन् तीबी ह्यांच्या नातवाच्या हातानं. सत्यमच्या गळ्यात हार पडला. पोरगं कसं फुललंय बघा.

सरपंच, मान लई मोठा दिलात. पण तो मला परत करायचाय.

हसताय कावून? रामेश्वरभाऊ म्हणत्यात, "आजी, भिऊ नका, आमी हाओत ना." भाऊ, तुमी यारीवर असणार. तुमी वर, माझा नातू खाली. सुरुंगाचं कळणारा सरकारी माणूस आधी आणा. त्यानं कोपरा बघू द्या, मग खुशाल खांदा. एवढंच मागते.

आता टाळ्या कावून वाजवताय? मी गोष्ट सांगत न्हाई.

सत्यम, मान खाली घालू नको. तुझ्या आजोबानं तुला खांद्यावर घेऊन सारं शिवार दाखवलं, त्या पायऱ्या तेवढ्या दाखवल्या न्हाईत. कावून, ते आता कळलं ना?

बरं, सरपंच घड्याळ बघायलेत. शाळेत मी दोन पावसाळेबी गेले न्हाई. कुणाचा मान ठेवायचा राहिला असंल, बोलता बोलता जीभ घसरली असंल, तर म्हातारीचं समजून पोटात घाला. मांडव घालणाऱ्या पोरांचे, हार आणणाऱ्यांचे, वत्सलाबाईचे, समद्यांचे उपकार. जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाई.

यारीवाले पाहुणे माझं पुरतं ऐकायच्या आतच उठले, त्यांची गाडी सुरू झालेली ऐकू येतीय. जाताना रामेश्वरभाऊ पाया पडले अन् म्हणाले, पहिल्या कुदळीच्या पूजेचं सामान घेऊन येतो. मी म्हणलं, या. त्या कोपऱ्यात भाकरी बांधून मीच बसलेली असीन, आधी मला उचला. कधी येता, तेवढं सांगा.

गुरुवारी, म्हणाले.