सुटली म्हना, मास्तर

गेल्या महिन्यातली गोष्ट हाय. सकाळचं ऊन दारात आलतं आन आमी दोगं शेंगा फोडत बसलो हुतो, चटनीसाटी. तिचा ढीग येगळा, माजा येगळा, कारन मी फोडता फोडता निम्म्या खातो असं तिचं म्हननं, आन त्ये खोटं बी न्हवतं. तिला दम्याचा तरास, चार शेंगा फोडायच्या आन थांबायचं. मी इच्चारलं, अगं नागव्वा, मास्तर त्या दिशी खरंच सुटली म्हनला हुता का गं? हे मी तिला जलमभर इच्चारत आलो, आन दर टायमाला ती म्हनायची, म्हनला की, ह्या कानांनी आयकलं. ह्या टायमाला तसं म्हनली न्हाय. एक फोलपट माज्या अंगावर फेकलं आन म्हनली, म्हातारं झालासा तरी त्येच, सुम्म कूड्री. म्हंजे गप बसा. ती दुधनीकडची, राग आला का माया आली की तोंडातनं कानडी निगायचं. मग पानी प्याला उटली, माटाजवळ टेकली, आन तितंच गेली. तांब्या हातात तसाच.

ल्ह्या, असंच ल्ह्या. आता मास्तर कोन आन सुटली म्हंजे काय, त्ये सांगतो, न्हायतर तुमाला कळायचं न्हाय.

माजा बाप माळशिरसाकडनं सोलापुरात आला आन मिलमदी साच्यावर, म्हंजे मागावर, लागला. आय मी लहान असताना पटकीत गेली. मी दुसरीपतोर शाळंत गेलो, मग मी बी साच्यावर. मिलच्या चाळीत एक खोली, भोंगा झाला की उटायचं, भोंगा झाला की जेवायचं, कानात दिवसभर साच्यांचा खडखडाट, बायकूसंगं बोललो तरी वरडून बोलायचो. गोऱ्यांचं राज. मार्शल लॉ हून गेलता, सायेब लोक जरा बिचकून हुते, तवा कुनाच्या तरी डोक्यात आलं की पोरं संपाच्या सभंला जान्यापरीस बॉल खेळू देत. फुटबॉल. तसा आमच्या मिलनं संघ काडला आन त्याचा म्यानेजर म्हनून तातोबा मास्तरला आनलं. पलटनीतला मानूस, गोऱ्यांसंगं खेळल्याला, खाकी कोट, गळ्यात शिट्टी. आमी समदे अनवानी. त्यानं मला ब्याक केलं, म्हंजे गोलाच्या म्होरं उभं ऱ्हायाचं आन येनाऱ्याला आडवायचं. म्हनायचा, पायाकडं बगू नगो, बॉलकडं बगू नगो, येनाऱ्याच्या कमरंकडं बग, मानूस पायानं फशिवतो, कमरंनं न्हाय. काय सांगू तुमाला, बापानं मला कदी एवडं समजून सांगितलं न्हाय. मानूस वंगाळ न्हवता. हे बी ल्ह्या.

आता दुसऱ्या मिलचा बी संघ हुता, तळ्याकडच्या मिलचा. त्यांची मानसं आमच्या पोरांना गाटायची, या आमच्याकडं, साचा देतो, खोली देतो. मास्तरला भ्या वाटलं, संघ फुटतोय. म्हनून एका सोमवारी त्यो आमाला सिद्धेश्वराच्या देवळात घ्यून गेला आन एकेकाच्या तळहातावर बेल-भंडारा ठिवला. बेलाचं पान आन हळद. ती हातात घ्यून क्येलेली शपत मोडायची नसती, मोडली तर ज्याच्या नावानं घेतली त्याच्या जिवावर जाती. त्यातनं सुटायची एकच वाट, ज्यानं शपत घातली त्यानं तोंडानं म्हनायचं, सुटली. दुसऱ्या कुनी कितीबी म्हना, उपेग न्हाय. मास्तर म्हनला, म्हना, मास्तरला सोडनार न्हाय, आन कुनाची शपत त्ये बी म्हना. समद्यांनी आयची घेतली. माजी आय तर गेलेली. मी म्हनलो, बापाची घेतो, तर पोरं खदाखदा हसली, आरं तुजा बाप रोज दारू सोडायची शपत घेतो, त्याच्या नावाची कोन धरनार? मास्तर म्हनला, बोल लवकर. माजं नुकतंच लगीन झालतं. तोंडातनं निगून गेलं, नागव्वाची शपत.

घरी यून सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली. म्हनली, माज्या जिवावर बॉल खेळतासा व्हय? मला इच्चारून घरात भाजी आनत न्हाय, आन शपतंला तेवडं माजं नाव घावलं? मी म्हनलो, अगं, मी मास्तरला कशाला सोडतोय. म्हनली, आन मास्तरनं तुमाला सोडलं तर? मी हसलो. खरं सांगू का, त्ये आमच्यातल्या कुनाच्याच डोक्यात आलं न्हवतं. शपतंत तेवडंच घालायचं ऱ्हायलं.

वरीस सरलं आन मास्तर ग्येला. कुटं, तर तळ्याकडच्या मिलला. आमाला पानपट्टीवर कळलं. मग त्यो सोता चाळीत आला, शिट्टी गळ्यात तशीच. म्हनला, माजा करार वरसाचा हुता, सरला. तितं ग्राऊंड हाय, गोलाला जाळी हाय, तुमी बी या. आमच्यातला एक जन म्हनला, मास्तर, आमी बेल-भंडारा उचलला त्ये? त्यो म्हनला, माजा करार मिलशी हुता, तुमची शपत माज्याशी हाय. त्यात काय बदललं? आन खरंच वो, बदललं काय बी न्हवतं. म्हनूनच भ्या वाटलं.

दुसऱ्या दिशी मिलच्या हाफिसात बोलावनं. टेबलावर कागूद. जाबर, म्हंजे आमचा मुकादम, वाचून दावतोय, दुसऱ्या मिलकडनं खेळला तर साचा जाईल आन खोली बी रिकामी करायची, करा आंगटे. मी म्हनलो, उद्या करतो. जाबर माज्याकडं बगत ऱ्हायला, म्हनला, काय रं, त्याचा लई लाडका हुतास न्हवं तू?

तवा नागव्वाला दिवस गेल्याले, आठवा सरत आलता. तिला ठसका लागला की मी साच्यावर असलो तरी मला आयकू याचा, आसं वाटायचं. मांजर आडवं गेलं, दिवा इजला, समदं तिच्यावरच चाललंय. ती पाय घसरून मोरीत बसली, काय लागलं न्हाय, पन मी तिला रातभर उटू दिलं न्हाय. मास्तरकडं जावं तर खोली जाती, पोटुशी बायकू घ्यून कुटं जाऊ, चाळीत निदान सुईन हाय, शेजार हाय. न जावं तर शपत मोडती.

श्येवटी मास्तरच्या दारात ग्येलो. म्हनलो, मास्तर, तुमी फकस्त एक शब्द म्हना, सुटली म्हना. त्यो च्या पीत हुता, बशी खाली ठिवली. म्हनला, तुला सुटली म्हनलो तर उद्या समदे येत्याल सोडवून घ्याला, मग माज्याकडं कोन खेळंल? मी त्या सायेबाला माजी पोरं घ्यून येतो म्हनून सांगून बसलोय. तू इकडं ये की. शपत बी ऱ्हाती, बायकू बी ऱ्हाती. हसत म्हनला. पन बायकू बी ऱ्हाती असं म्हनला आन मला भर उनात थंडी वाजली.

मी आंगटा केला. काय करनार? डोक्यावरचं छप्पर डोळ्यांना दिसतं. नळावर शाई घासघासून धुतली, जाईना. नागव्वानं बगितलं. रडली न्हाय, भांडली न्हाय. एवडंच म्हनली, म्याच कवा हाय?

त्यो आमच्या आन तळ्याकडच्या मिलचाच म्याच. मानसं झाडावर चडून बसल्याली, धुरळा, शिट्ट्या, आमच्या खात्यातली मानसं आन त्यांच्या खात्यातली मानसं एकमेकाच्या आयामायांचा उद्धार करत्यात. मी माज्या जाग्यावर. मास्तर पलीकडं, त्यांच्या पोरांना हात करून सांगतोय. आन मग मला लुगडं दिसलं. त्या टायमाला बायका ग्राऊंडावर येत नसत. गर्दी आपूआप फाकली. नागव्वा चालत निगाली, पोट म्होरं, एक हात कमरंवर, सरळ मास्तरकडं. पदर पसरला न्हाय तिनं. पदर खवून उभी ऱ्हायली. काय म्हनली त्ये मला आयकू आलं न्हाय, मधी आख्खं ग्राऊंड. फकस्त एवडं दिसलं की मास्तर आदी हसला, मग हसायचा थांबला. मान खाली घातली. त्याचं तोंड हाललं.

आन तेवड्यात त्यांचा पोरगा बॉल घ्यून माज्या बाजूनं ग्येला. मी त्याच्या कमरंकडं बगतच न्हवतो, पायाकडं न्हाय, बॉलकडं न्हाय, मी मास्तरच्या तोंडाकडं बगत हुतो. गोल झाला. त्यांची मानसं नाचाय लागली, आमच्या बाजूनं दगडं आली, जाबर वरडतोय, फितूर हाय ह्यो, मास्तरला मिळालाय! मला काय बी वाटलं न्हाय. नागव्वा लांबनं हात वर करून दावत हुती, झालं, झालं म्हनून.

आमी हारलो. मला बॉलमधनं काडलं, परत कुनी बोलावलं न्हाय, मी बी ग्येलो न्हाय. साचा तेवडा ऱ्हायला, दुसऱ्या मानसांनी मदी पडून सांगितलं, बायकू पोटुशी हाय त्याची. रस्त्यानं येताना मी इच्चारलं, म्हनला का? ती म्हनली, म्हनला की. मोट्यानं म्हनला का? म्हनली, आवो, माज्यापुरतं म्हनला. म्होरल्या महिन्यात पोरगी झाली, दोगी बी धड. मग दोन पोरगे. मिल बंद पडली, चाळ ग्येली, मास्तर कदीचाच वारला, आमच्या संघातलं आता मीच तेवडा उरलोय. नातवंडं म्हनत्यात, आबा, एवड्या वरसांनी शपत लागती व्हय? शानी हायेत, त्यांचं बरोबर बी आसंल. पन गेल्या महिन्यात, शेंगा फोडताना, ती म्हनला की असं म्हनली न्हाय. आन गेली.

तिला संध्याकाळी नेली. चाळीतल्या जुन्या बायका आलत्या, एकेक येती आन तोंडाला पदर लावून म्हनती, लई तरास हुता, सुटली बाई. दुसरी येती, सुटली. तिसरी, सुटली बिचारी. मी भितीला टेकून बसल्यालो, दर टायमाला दचकायचो. एवडा शब्द मी त्या मानसाच्या दारात मागाया ग्येलतो, त्यो दिला न्हाय, आन आता ज्येला बगावं त्यो फुकट वाटतोय.

दुसऱ्या दिशी सकाळी पोरं उटायच्या आदी मी निगालो. न्हायतर सुतकात भाईर पडतासा का म्हनून पोरं वरडली असती. त्या ग्राऊंडावर आता एस्टी लागत्यात. मास्तर उभा हुता त्यो जागा मला म्हाईत हाय, लिंबाचं झाड हाय अजून, त्याच्या बुडाला हमाल लोक बसत्यात. मी तितं उभा ऱ्हायलो. शपत घालनारा न्हाय, शपत घेनाऱ्यातला मी एकटा. मास्तरच्या जाग्यावर उभा ऱ्हाऊन मी त्याचा शब्द म्हनलो. साच्यावरचं नरडं, हळू म्हनाय येत न्हाय. सुटली!

एक हमाल दचकून उटला. म्हनला, कंची सुटली वो आबा? दुधनीची का? ती तर अजून लागलीया बगा, पळू नगा, हळू चडा.

मी म्हनलो, न्हाय बाबा, सुटली.

घरी आलो. कोपऱ्यात तिचा ढीग तसाच हुता, माजा बी तसाच. दोनी एक क्येले आन फोडाय बसलो. एक बी शेंग खाल्ली न्हाय.