पांढऱ्याचा भाव

—विषारी नाहीत हो दीपाताई, एकही नाही. आणि तुम्ही शेवटच्या पायरीवर थांबलात म्हणून काही ते कमी होणार नाहीत, तेव्हा उतरा खाली. वर माझा नवरा गुरुदत्त तुमच्या मिस्टरांना रिटायरमेंट प्लॅनिंग समजावतोय, म्हणजे ते दोघं आता उठत नाहीत. आमची सावनी आणि तुमचा कुश केक आणायला गेलेत. आणि 'तुमचे साप दाखवा की' असं तुम्हीच म्हणालात ना? टेक्सासातल्या अर्विंगहून इथे मिशिगनला ॲन आर्बरपर्यंत विमानानं यायचं, होणाऱ्या विहिणीचं घर बघायचं आणि बेसमेंट वगळायचं, हे इन्स्पेक्शन अर्धवट झालं. वर तुम्ही बाथरूमच्या कपाटापर्यंत पोचलात, ते पाहिलं मी. — असू दे, असते सवय एकेकाला.

बॉल पायथन म्हणतात यांना. घाबरले की चेंडूसारखं वेटोळं करतात आणि डोकं आत लपवतात. आपल्यातली बरीच माणसं हेच करतात, फक्त त्यांना त्यासाठी सोफा लागतो. प्रत्येक टबात एक, खालून ऊब, पुढे लेबल. आयुष्यभर युनिव्हर्सिटीत जेनेटिक्स शिकवलं, आता रिटायर झाल्यावर तेच करते. फरक इतकाच की हे विद्यार्थी मार्कांसाठी भांडायला येत नाहीत, आणि यांना विकता येतं. — हा बघा. घेऊ नका, नुसता बघा. याला पाईड म्हणतात. तपकिरी अंगावर मध्येच पांढरंशुभ्र — रंग देता देता कुणी उठून गेल्यासारखं. गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा पहिला प्रश्न काय असतो, सांगू? पांढरं किती? जितकं जास्त तितका भाव जास्त. मी पहिला पाईड आणला तेव्हा त्या पैशांत बरी सेकंडहँड गाडी आली असती. मग जो तो पैदास करायला लागला, आता काही शे डॉलरला मिळतो. साप तोच, पांढरं तेच. सौंदर्य म्हणजे काय, याचं यापेक्षा चोख उत्तर मला कुठल्या सेमिनारमध्ये मिळालं नाही.

आणि हा शेजारचा — साधा, तपकिरी, तुम्ही याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. पण याच्यात तेच जनुक लपलेलं आहे. एकच प्रत आहे, म्हणून अंगावर दिसत नाही. असे दोन एकत्र आणले की चारातलं एक पिल्लू पाईड — सरासरीनं, दीपाताई, सरासरीनं. गेल्या वर्षी सगळ्या अंड्यांतून एकही आलं नाही आणि मी कुणाच्या पत्रिकेला दोष दिला नाही. आता गंमत ऐका. हा साध्यापेक्षा महाग जातो. का? लपलेलं आहे म्हणून? नाही — लपलेलं आहे हे मी आधीच सांगते म्हणून. आईबाप कोण ते लेबलवर. खात्री नसेल तर तेही लेबलवर, 'असण्याची शक्यता तीनात दोन'. हे मानेपर्यंत टॅटू काढलेले, पिकअप ट्रकमधून येणारे लोक — त्यांच्यात न सांगता विकणाऱ्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नाही. आणि आपले बायोडेटा? गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष! इतक्या पिढ्यांत एकाही घराण्यात कुणाला काही म्हणता काही नाही. असा निर्दोष कळप मी जन्मात पाहिला नाही.

— काय? हो, माझे हात. मघापासून साप सोडून तेच बघताय. 'त्वचेचं काही आहे का' — काय नाजूक शब्द. कोड म्हणा. म्हटल्यानं चिकटत नाही, शिवल्यानंही नाही. तुम्ही चहाचा कप माझ्या हातून रुमालानं घेतलात ते— गरम होता. बरं, गरम होता. आता विचारलंत तर नीट ऐका, मला अर्धवट उत्तर देता येत नाही. हे सापासारखं एका जनुकाचं गणित नाही. त्याचं पांढरं जन्मतःच असतं. आपलं कोड नंतर येतं, शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था रंगाच्या पेशींवर उलटते. घरात कुणाला असलं तर शक्यता थोडी वाढते, इतकंच. माझ्या आईला नव्हतं, मला चाळिशीत आलं, हातांवर. सावनीला कॉलेजात आलं, दंडांपासून कोपरांखालपर्यंत, आणि ते तेव्हापासून तसूभर वाढलेलं नाही, त्यामुळे—

तुम्हाला माहीत नव्हतं.

थांबा. याला आधी टबात ठेवते. — तुम्हाला माहीत नव्हतं? कुशनं सांगितलंय ना तुम्हाला. दिवाळीतच सांगितलंय. सावनीनं त्याच्यासमोर बाह्या वर करून दाखवलं होतं, म्हणाली, आधी बघ आणि घरी सांग, मग पुढचं बोलू. आणि त्यानं दोन दिवसांनी फोन केला. मी विचारलं तिला, काय म्हणाली त्याची आई? तर म्हणे, 'शी इज टोटली कूल विथ इट, आई.' एअरपोर्टवर मी तुम्हाला मिठी मारली ती त्या 'कूल'साठी, दीपाताई, एरवी मी मिठ्या मारत नाही.

नाही, तुमच्यावर नाही रागावले. तुम्ही आडवळणानं का होईना, तोंडावर विचारता. — आता कळलं. लग्नाचा ब्लाउज पूर्ण बाह्यांचा हवा, हे कुशचं. 'ट्रॅडिशनल लुक' हवाय त्याला. जूनमध्ये, बाहेर लॉनवर. मी म्हटलं, मुलाची हौस आहे, घाल बाई. ती बिचारी तीन दुकानं फिरली त्या बाह्यांसाठी. मी! मी हे ओळखलं नाही, आणि परीक्षेत कॉपी करणारं पोरगं मला शेवटच्या बाकावरून कळायचं.

काय म्हणालात? 'काही हरकत नाही, आपल्यातच ठेवू, कुणाला कळायला नको'? — तुम्ही हे मनापासून म्हणताय, दिसतंय मला. म्हणून तर भांडताही येत नाही. तुमची परवानगी नकोच होती, हो. हरकत असती तर मी तुमच्याशी भांडले असते, सरळ भांडण, दोघी मोकळ्या झालो असतो. माझी मुलगी घराबाहेर हाफ स्लीव्ह्ज घालून हॉस्पिटलात जाते, पेशंट तपासते. तिला मी कुणाच्या घरात 'आपल्यातच' ठेवायला पाठवू?

गॅरेजचं दार वाजलं. आले.

तुम्ही वर जा. केक घ्या, आमच्याकडे चांगला मिळतो. आणि कुशला खाली पाठवा. — नाही, सावनीला नाही. एकट्याला. सांगा, साप दाखवायचेत. — नको, तसं नका सांगू. सांगा, मी सगळं बोलून गेले आणि आता त्याचं ऐकायला बसलेय. जा.